नळ हलतो, भाऊजी

तुम्ही जाऊन महिनाही झाला नाही, भाऊजी, आणि गाव तुम्हाला देवमाणूस म्हणू लागलं आहे. भांड्यांच्या बाजारातून जायचं म्हटलं तर दर दुकानाशी कुणीतरी अडवतं. "तुमच्या अक्काचे यजमान म्हणजे काय माणूस होता," म्हणतात. मी मान हलवतो आणि पुढे जातो. तिथं पितळेच्या ढिगासमोर उभं राहून खरं काय ते सांगत बसावं, एवढा धीर कुणाला असतो? ते ऐकायला तुम्ही असायला हवे होतात. तुम्ही सोयीनं निघून गेलात.

मी तुमच्यासाठी रडलो नाही. खांदा दिला. कावेरीकाठी उन्हात उभा राहिलो. अस्थी सोडताना गुडघाभर पाण्यात उतरलो, भटजी सांगतील तसं सगळं केलं. डोळ्यांत पाणी आलं ते एकदाच, अक्काच्या हातातल्या बांगड्या काढल्या तेव्हा. ते अक्कासाठी होतं. तुमच्या वाटणीचं त्यात काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

तरी जे तुमचं आहे ते तुमच्या पदरात टाकतो. आमचे वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि अक्का नुकतीच तुमच्या घरी आली होती. तुम्ही मला उचलून आपल्या घरी आणलंत. कुणी सांगितलं नव्हतं. मला विषमज्वर झाला तेव्हा घोड्याचा जटका मिळेना म्हणून पाठीवर घेऊन आस्पत्रीत गेलात. पुढे नळाचं काम तुम्हीच शिकवलंत. लोखंडी नळाला आटे कसे पाडायचे, त्यात ताग आणि शेंदूर कसा भरायचा, बिडाच्या सांध्यात शिसं ओतताना श्वास कसा धरायचा. पाना पंपाच्या अंगाला लावून त्याचं दुसरं टोक कानाशी धरायचं आणि आत काय बिघडलंय ते ऐकायचं, हेही तुमचंच. आजही मी पंप तसाच ऐकतो. हे सगळं विसरता आलं असतं तर तुमच्यावर रागावणं किती सोपं झालं असतं.

तुमचा माझा वाद सुरू झाला तो मी आसामातून परतल्यावर. युद्धात सरकारनं तिकडे डोंगरातून तेलाचे नळ टाकले होते. मी तीन वर्षं त्या कामावर होतो. तिथं नळ शिशानं जोडत नसत, आट्यांनीही नाही. नळाच्या टोकाजवळ गोल खाच पाडायची. दोन नळांची टोकं समोरासमोर आणायची, पण एकमेकांना टेकू द्यायची नाहीत, मध्ये फट ठेवायची. त्या फटीवरून रबराचं जाड कडं चढवायचं, आणि कड्यावर लोखंडाच्या दोन अर्ध्या वाट्या बसवून दोन बोल्टांनी आवळायच्या. वाट्यांच्या कडा खाचांत बसतात, त्यामुळे नळ निसटत नाही. पण खाच कडेपेक्षा थोडी रुंद असते, त्यामुळे नळाला जागच्या जागी हलायला वाव राहतो. ऊन चढलं की लोखंड वाढतं आणि फट मिटते. रात्री गारठलं की आखडतं आणि फट उघडते. जमीन खचली तर सांधा जरासा वाकतो. थेंब गळत नाही. मी तो नळ डोंगराच्या अंगावर अजगरासारखा पडलेला पाहिला होता, आणि दुपारी त्याच्यावर हात ठेवला तर तो सरकताना कळायचा.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी जेवताना मी हे तुम्हाला सांगितलं. अक्का सांबारं वाढत होती. तुम्ही भात कालवायचे थांबलात.

"लोखंडाला रबर?" तुम्ही म्हणालात. "सायकल आहे काय ती?"

"नळ हलतो, भाऊजी. त्याला हलू द्यायला पाहिजे."

"हलतो तो नळ चुकीचा बसवलेला असतो. मी बसवलेला एक नळ दाखव, हललेला."

"तुम्ही बसवलेलेही हलतात. तुम्हाला दिसत नाहीत, इतकंच."

अक्कानं माझ्या पानात मुद्दाम भात वाढला, तोंड भरून राहावं म्हणून. तुम्ही हसलात. तेव्हा तुम्ही हसायचात. पुढची कितीतरी वर्षं आपण तोच वाद घातला, तिण्णैवर, घरापुढच्या ओट्यावर बसून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. नळ हलतो की नाही. शेजारचे लोक म्हणायचे, मेहुण्यांचं पुराण सुरू झालं. मला तो वाद आवडायचा, हेही लिहून ठेवतो. तुमच्याशी भांडताना आपण मोठे झालो असं वाटायचं.

मग अरसलार नदीच्या काठावरच्या भाताच्या मिलचं काम आलं. तिथं उकडा तांदूळ करायचे. अंगणाच्या एका टोकाला बॉयलरघर, दुसऱ्या टोकाला भात भिजवायच्या सिमेंटच्या टाक्या. तापवलेलं पाणी बायका घागरींनी वाहायच्या, ते बंद करून नळानं न्यायचं होतं. नळ खांबांवरून, सबंध वाळवणाच्या अंगणावरून जाणार. मिलच्या मालकाला, आपण सगळे ज्याला मुदलाळी म्हणतो त्याला, नवीन गोष्टींची हौस. युद्धातले उरलेले सांधे मद्रासला लिलावात निघाले होते. मी ते आणवले. रबराची कडी नवीन घेतली, गरम पाण्याला टिकणारी. मी मुदलाळीला हिशेब समजावला, पाणी तापलं की एवढ्या लांबीचा नळ बोटाच्या रुंदीइतका वाढणार. तेवढी वाढ कुठेतरी सामावली पाहिजे. म्हणून दर सांध्यात भाताच्या दाण्याएवढी फट ठेवायची. नळाची दोन टोकं भिंतींना पक्की धरायची आणि मधल्या खांबांवर नळ नुसता टेकवायचा, वरून सैल पट्टी, म्हणजे तो बाजूला जाणार नाही पण लांबीत सरकेल.

तुम्हाला ते पटलं नाही. पण मुदलाळी हो म्हणाला, आणि ठेका तुमच्या नावावर होता, म्हणून तुम्ही राहिलात. नळ चढला. गार पाणी सोडून पाहिलं, एक थेंब गळला नाही. फक्त पंप सुरू झाला की नळ जरासा अंग झाडायचा, खांबांवर कुरकुरायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं. तुमचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहत होतो. कुणीतरी भर सभेत पाय हलवत बसलेलं पाहिल्यासारखा.

दुसऱ्या ओळीसाठी कडी कमी पडली म्हणून मी मद्रासला निघालो. जाताना मिलच्या दारात तुम्हाला म्हणालो, "मी येईपर्यंत गरम पाणी सोडू नका. आणि पट्ट्या सैलच राहू द्या. फटींना हात लावू नका."

"तू जा," तुम्ही म्हणालात. "मी बघतो."

तुम्ही बघितलंत.

मी परतलो तेव्हा स्टेशनवरच्या जटकावाल्यानंच सांगितलं की मिलमध्ये नळ फुटला आणि एक बाई भाजली. सामान तिथंच टाकून मी आस्पत्रीत गेलो. चोळपुरमची चेल्लम्मा. रोज पहाटे गावाहून चालत यायची, टाकीत भिजणारं भात लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं वरखाली करायची. गाणं म्हणायची सवय होती तिला, बाकीच्या बायका हसायच्या. टाकीच्या डोक्यावर भिंतीशी बिडाचं कोपर होतं, जिथं नळ खाली वळायचा. ते कोपर तडकलं आणि सगळं पाणी तिच्या डाव्या अंगावर आलं. खांद्यापासून हात, कूस, मांडी. मी पाहिलं तेव्हा तिच्यावर केळीची पानं पसरलेली होती आणि ती डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होती. मला ओळखलं नाही.

तिथून मी मिलमध्ये आलो. नळ उतरवलेला होता. तुम्ही मुदलाळीजवळ उभे होतात, धोतर वर खोचून, हातात माझ्या सांध्याची एक वाटी. मी खांबांवरच्या पट्ट्यांचे नट पाहिले. रंग खरवडलेला, पान्याचे ताजे वण. मी नळांची तोंडं पाहिली. एकमेकांवर दाबून घासली गेलेली, चकचकीत. म्हणजे फट नव्हती. नळ वाढायला लागला तेव्हा त्याला कुठंच जागा नव्हती, खांबांनी घट्ट धरलेलं, मग त्यानं सगळा जोर टोकाच्या कोपरावर काढला.

मी ते सगळ्यांसमोर म्हणालो. "कुणी फटी मिटवल्या? कुणी पट्ट्या आवळल्या?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आवळल्या कुठे? नळ उतरवायला मी त्या सोडल्या, त्याचे वण आहेत ते."

"आणि ही तोंडं? ही घासलेली दिसत नाहीत काय?"

"पाणी तापलं की फट मिटते, असं तूच सांगायचास ना, सीनू?"

माझंच वाक्य. तुम्ही ते माझ्या हातातून काढून मलाच मारलंत, आणि आवाजसुद्धा चढवला नाहीत. मुदलाळी तुमच्याकडे पाहत होता. सगळं गाव तुमच्याकडे पाहत होतं. तुमचे केस पिकलेले, निम्म्या गावाचे नळ तुमच्या हातचे. मी आसामातून रबर घेऊन आलेला. तुम्ही ती वाटी मुदलाळीच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हे रबर गरम पाण्याला टिकत नाही. नळ डुलायला लागला, कोपर गेलं. नाहीतर त्या बाईचं फावडं कोपरावर बसलं असेल. गाण्याच्या नादात लक्ष नसतं त्यांचं."

ते शेवटचं वाक्य तुम्हाला बोलायची गरज नव्हती. मला दोष देऊन भागलं असतं. मी तरणा होतो, दुसरीकडे काम मिळवलं असतं, मिळवलंही. पण तुम्ही तिला मध्ये ओढलंत. आस्पत्रीत पडलेल्या बाईला, जिला उत्तर द्यायला जीभ उचलत नव्हती. आणि ते वाक्य टिकलं. रबराचं लोक विसरले. चेल्लम्मानं नळावर फावडं आपटलं, हे मिलमधली प्रत्येक बाई सांगते.

ती वाचली. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली, कोपरात हात वळत नाही. मुदलाळीनं तिला काही दिवस तांदूळ पाठवला आणि मग बंद केला. हलकं काम मागायला ती आली तेव्हा फाटकावरून परत पाठवली. कामचुकार बाई, म्हणाले.

मी तुमच्या घरी आलो होतो त्या आठवड्यात. तुम्ही तिण्णैवर बसून होतात. मला वर ये म्हणाला नाहीत. "या घरात आता नळाची गोष्ट निघणार नाही," म्हणालात, "आणि ती काढल्याशिवाय तुला राहवणार नाही. तेव्हा न आलेलं बरं." आत अक्का खांबाला धरून उभी होती, तिच्याकडे तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. तेव्हापासून माझ्या घरी यायला तिला बंदी. माझ्या मुलीच्या बारशाला तिनं शेजारणीच्या हाती झबलं पाठवलं.

तुम्ही मिलचा नळ नव्यानं बसवलात, सगळा तुमच्या पद्धतीनं, आटे आणि बोल्टांनी आवळलेल्या फ्लँज. मला आत यायची मनाई होती, पण रस्त्यावरून भिंतीच्या वर नळ दिसायचा. अंगणाच्या मधोमध तुम्ही त्याला एक मोठं वळण दिलं होतं, उलट्या चौकटीसारखं, वर जाऊन आडवं आणि परत खाली. सरळ नेता येणारा नळ कुणी असा फिरवत नाही. असं वळण एकाच कारणासाठी देतात, नळ वाढला की ते वळण फाकावं, मिटावं आणि जोर भिंतीवर जाऊ नये म्हणून. मी रस्त्यात सायकल धरून ते पाहत राहिलो. म्हणजे नळ हलतो हे तुम्ही मान्य केलं होतं, लोखंडात, मला न सांगता.

आणि पाहा मी किती मूर्ख. मला तेव्हा तुमच्याबद्दल थोडं बरंच वाटलं. वाटलं, माणूस चुकला, शिकला, तोंडानं बोलवत नाही एवढंच. गोविंदपुरमला आराधनेच्या भजनात आपण मांडवाच्या दोन बाजूंना बसायचो. तुम्ही झांजा धरून, डोळे मिटून अभंग म्हणायचात, गळ्याच्या शिरा ताणून. मी समोरून पाहायचो आणि मनात म्हणायचो, हट्टी आहे, पण आत मळ नाही. त्यांना खरंच वाटतं की रबरानं घात केला. अशा माणसाशी भांडता येतं. एक दिवस जाऊन पुन्हा वाद सुरू करता येईल, असं मी धरून चाललो होतो. मागच्या थंडीत पट्टीश्वरमच्या रस्त्यावर आपण समोरासमोर आलो. तुम्ही थांबलात. "जेवलास काय?" विचारलंत. मी हो म्हणालो. तुम्ही आणखी काही बोलाल म्हणून मी उभा राहिलो. तुम्ही छत्री दुसऱ्या हातात घेतलीत आणि गेलात. आपलं शेवटचं बोलणं ते.

दिवस उरकले, पाहुणे गेले. घरात तुमची थोरली बहीण, अक्का आणि मी. अक्कानं मला कोल्लैत, घरामागच्या परसात बोलावलं, विहिरीपाशी. ती पायरीवर बसली, मी उभाच.

"सीनू, एक सांगायचं आहे. तू मध्ये बोलू नकोस."

तुमची बहीण आत आहे ना, ते मी वळून पाहून घेतलं.

"नळ फुटला त्या दिवशी संध्याकाळी ते इथं येऊन बसले. जेवले नाहीत. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, सीनूच्या फटी मी मिटवल्या. नळ डुलायचा तो मला बघवेना. माझ्या हाताखालची माणसं लावून सगळे नळ एकमेकांना भिडवले, पट्ट्या आवळल्या, आणि सीनू यायच्या आत गरम पाणी सोडून दाखवावं म्हटलं."

मी विहिरीच्या काठाला हात टेकला.

"मी म्हटलं, मग उद्या सांगणार काय? म्हणाले, सांगून त्या बाईचा हात बरा होणार आहे काय? माझं नाव तेवढं जाईल. मी म्हटलं, सीनूचं जातंय ते? म्हणाले, तो लहान आहे, भरून काढेल. पहाटे पाना घेऊन गेले आणि तू येण्याआधी पट्ट्या सैल करून आले."

"आणि तू?"

"मी बोलले असते. म्हणाले, तोंड उघडलंस तर या विहिरीत उडी घेईन. तुला माहीत आहे, ते बोलायचे ते करायचे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "रोज पाणी काढताना मला तेच दिसायचं, सीनू."

भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं. एवढंच मला तुमच्या तोंडावर म्हणायचं आहे आणि तुमचं तोंड आता नाही. चूक तर माझ्याकडून उद्या होईल, कुणाकडूनही होईल. फटी मिटवल्यात, त्यासाठी मी दोन-चार वर्षं रागावलो असतो आणि मग आपण पुन्हा तिण्णैवर बसलो असतो. पण तुम्ही पहाटे उठून पाना घेऊन गेलात. तिकडे ती केळीच्या पानांखाली पडलेली असताना तुम्ही एकेक खांबावर चढून एकेक नट सैल करत होतात. मी ते डोळ्यांपुढून घालवू पाहतो आणि जात नाही. ज्या हातांनी मला पाना धरायला शिकवला तेच हात दिसतात, तीच सवय, नट सोडण्याआधी अंगठ्यानं धूळ पुसायची. आणि भजनात मिटलेले ते डोळे. आणि अक्काला विहिरीचा धाक. तुमच्या नावाला तडा जाऊ नये म्हणून तुम्ही तीन माणसांना चिणून टाकलंत आणि वर गावाकडून नमस्कार घेतलात.

मी हे सगळं त्याच कोल्लैत मोठमोठ्यानं बोललो. तुमची बहीण आतून आली आणि म्हणाली, गेलेल्या माणसाला असं बोलू नये. अक्का पायरीवरून उठली. "मला चोळपुरमला ने," म्हणाली.

तुमच्या बहिणीनं दार अडवलं. वर्षाच्या आत बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, लोक तोंडात शेण घालतील, घराण्याचं काय. अक्का म्हणाली, "वन्सं, बाजूला व्हा." इतक्या वर्षांत तिचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. बैलगाडी मी ठरवली. वाटेत दोन्ही बाजूंना रोपं लावणं चाललं होतं, बायका चिखलात वाकलेल्या, त्या सरळ होऊन गाडीकडे पाहायच्या.

चेल्लम्मा झोपडीच्या सावलीत बसून नारळाच्या झावळ्या विणत होती, उजव्या हातानं, आणि झावळी पायानं धरून. अक्का तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी तमिळमध्ये सुरुवात केली, अक्कानं मला थांबवलं आणि स्वतः सांगितलं. सगळं, विहिरीपासून पान्यापर्यंत. चेल्लम्मा विणत राहिली. शेवटी तिनं झावळी बाजूला ठेवली.

"हे तुम्ही मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मी फावडं आपटलं नाही, हे मला माहीतच आहे."

अक्काची नजर तिच्या चिकटलेल्या बोटांवर गेली.

"माझी सून मला म्हणते, लक्ष दिलं असतंस तर हात राहिला असता. माझा मुलगा ऐकून घेतो. इथं माझ्या दारात येऊन रडून काय उपयोग, अम्मा? जिथं ते बोलले तिथं बोला."

ती कठोर बोलली असं नाही. कुठला रस्ता घ्यायचा ते वाटसरूला सांगावं तशी बोलली. अक्का म्हणाली, "चल मग आमच्याबरोबर." चेल्लम्मानं लुगडं झटकलं, चिकटलेला हात पदराखाली घेतला आणि गाडीत चढली.

मिलवर पोचलो तेव्हा दुपारची सुट्टी संपत आली होती. बायका अंगणात नळाच्या सावलीला बसून पान खात होत्या, तुमच्या त्या वळणाच्या खाली. मुदलाळी धावत बाहेर आला. विधवा बाई अशा दिवसांत दारात, त्याला काही कळेना. मी त्याला सांगितलं कशासाठी आलो आहोत. त्याचा चेहरा पडला. "आत या, ऑफिसात बसून बोलू," म्हणाला. "गेलेल्या माणसाचं नाव कशाला काढायचं?"

"ऑफिसात नाही," अक्का म्हणाली.

ती अंगणात गेली. डोक्यावरून पदर, पाय धुळीनं माखलेले. बायका उठून उभ्या राहिल्या. काहींनी तिला ओळखलं, नमस्कार केला. चेल्लम्मा फाटकाशीच थांबली, तिकडे कुणी पाहीना.

अक्का बोलू लागली तेव्हा आवाज इतका बारीक होता की पुढच्या दोघीतिघींनाच ऐकू गेला असेल. "नळ फुटला त्यात चेल्लम्माचा दोष नव्हता. माझ्या भावाच्या सांध्यांचाही नव्हता. नळाला हलायला जागा ठेवली होती, ती आमच्या घरच्यांनी बंद केली. त्यांनीच नंतर लपवलं. ते मला म्हणाले होते."

मागून एक म्हातारी ओरडली, "ऐकू येत नाही. कुणी बंद केली?"

"आमच्या घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे? भावानं?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. तुम्ही असतात तर तुम्हाला ते क्षणभर बरंच वाटलं असतं. मी तोंड उघडलं, पण अक्कानं हात आडवा केला. भाऊजी, लग्न होऊन आल्यापासून तिनं तुमचं नाव कधी घेतलं नव्हतं. पोस्टमननं दारात विचारलं तर शेजारच्या पोराला बोलावून सांगायला लावायची. देवळात अर्चनेला संकल्प सांगतानासुद्धा नाव मी सांगायचो, ती खाली पाहायची. आपल्यात ते घेत नाहीत, आयुष्य कमी होतं म्हणतात.

तिनं पदर कानामागे सारला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वेंकोबा राव. माझा नवरा. वेंकोबा रावांनी."